मर्यादवेल

मर्यादा म्हणजे काय, ते सांगलीकराला कृष्णेवरचा आयर्विन पूल शिकवतो. पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 वर धोका. पावसाळ्यात नुसतं "किती झालं?" विचारलं तरी कुणी "काय किती?" म्हणत नाही. समुद्राची मर्यादा कुठं असते, हे मात्र मला भाट्याच्या पुळणीवर कळलं. तेही खाली मान घालून.

भाट्ये रत्नागिरीला लागूनच. लांबलचक किनारा, मागं सुरूचं बन. आम्ही गाडी थेट वाळूत घातली. तेवढ्यात शहाळीवाला ओरडला, "ओ एमएच दहा! मागं घ्या, मर्यादवेल आहे ती!"

उतरून बघतो तर चाकाला हिरवी दोरीच गुंडाळलेली. पान हुबेहूब आपट्याचं, जरा जाड. फूल म्हणजे जांभळट गुलाबी कर्णा. आणि पेरापेराला मुळं.

ती मुळंच सगळं करतात. वाऱ्यानं उडालेली वाळू वेलीत अडकते, साचते, वेल गाडली जाते. मग ती नवीन मुळं सोडून वर येते. पुन्हा वाळू, पुन्हा वेल. असं करत वाळूची टेकडी उभी राहते. उधाणाच्या लाटा आधी तिला खातात, म्हणून मागची माडांची बाग वाचते. ती गेली की धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचे दगड आणायचे. 2019 च्या किनारा नियमन अधिसूचनेनं या टेकड्यांना कांदळवनांच्या पंगतीला बसवलंय, पण आमच्या टायरनं ती वाचली नव्हती.

तुटलेला वीतभर तुकडा घरी आणला आणि कुंडीत वाळू घालून खोचला. पंधरा दिवसांनी आई म्हणाली, "रताळं लावलंयस होय?" मी हसलो. नंतर पुस्तकात बघितलं, तर आई फार चुकली नव्हती. रताळं, गणेशवेल, मर्यादवेल, सगळ्या एकाच घरातल्या. आडनाव आयपोमिया. याच घरातली आणखी एक आपल्या ओढ्या-नाल्यांच्या काठानं माजलेली असते, मूळची अमेरिकेतली. तिचं नाव बेशरम. समुद्राच्या वाट्याला मर्यादा, आमच्या वाट्याला बेशरम! पूररेषेत बंगले बांधणाऱ्यांनी यावर फार बोलू नये, म्हणून मीही गप्प बसतो.

कुंडीतल्या वेलीला अजून फूल नाही. दसऱ्याला शेजारच्या पोरानं तिची दोन पानं खुडली आणि माझ्याच हातावर ठेवली, "काका, सोनं घ्या." घेतलं.