पाय वाकलेल्या शॅमेलिऑनचा बुटका पिंजरा

निरोगी शॅमेलिऑन (रंग बदलणारा सरडा) बोटावर चढला की त्याच्या पायांची पकड चिमट्यासारखी जाणवते. सोडवायला गेलं तर तो आणखी घट्ट धरतो. ही पकड सैल पडली, पुढचा पाय कोपर सोडून भलत्याच जागी वाकलेला दिसला, खालचा जबडा मिटल्यावर नीट बसेना, जीभ किड्यापर्यंत न पोचता अर्ध्यावर लोंबायला लागली, तर समजायचं की रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर बरेच दिवस हाडं पोखरतंय. याला मेटाबॉलिक बोन डिसीज म्हणतात, पाळणाऱ्यांच्या बोलीत एमबीडी. हा आजार बाहेरून येत नाही, पिंजऱ्यात तयार होतो. म्हणून डॉक्टरांची वेळ घ्याच, पण ती मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. पिंजऱ्याचं काम त्याच दिवशी सुरू करा.

इथे लिहिलंय ते व्हेल्ड शॅमेलिऑनबद्दल, म्हणजे डोक्यावर उंच तुरा असलेला, मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाचा. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर दिसणारा आपला घोयऱ्या सरडा वेगळा. तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, त्याला घरी ठेवता येत नाही. जखमी सापडला तर सावलीत, भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. परदेशी शॅमेलिऑनचीही २०२४ च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. ती राहिली असेल तर करून टाका.

आता पिंजरा. मोठ्या व्हेल्डला साधारण ६० बाय ६० बाय १२० सेंटीमीटरचा, जाळीचा, उभा पिंजरा लागतो. पण हाडं मऊ झालेल्या प्राण्यासाठी हीच उंची घातक ठरते. एक मीटरवरून पडला की मांडीचं हाड किंवा बरगडी मोडते. मग लोक पिंजरा उचलून जमिनीवर ठेवतात, किंवा प्राण्याला प्लास्टिकच्या टबात हलवतात, आणि तो खाणंच सोडतो. शॅमेलिऑनला माणसाच्या डोळ्यांच्या वर असलं की सुरक्षित वाटतं. त्यामुळे पिंजरा होता तिथेच, त्याच उंचीवर ठेवायचा आणि आतला तळ वर आणायचा. जाळीच्या छतापासून ६० सेंटीमीटर खाली दोन बाजूंना ॲल्युमिनियमच्या एल पट्ट्या बसवा आणि त्यांवर जाड सनबोर्ड (हलका प्लास्टिक फोमचा पत्रा) टाका. चारी कडांची फट टेपने बंद करा, नाहीतर प्राणी फटीतून खाली घसरतो. सनबोर्डवर योगा मॅटचा तुकडा आणि त्यावर टिश्यू पेपर. टर्किश टॉवेल अजिबात नको. त्याच्या धाग्यांच्या फासात नखं अडकतात आणि सुटण्याच्या धडपडीत आधीच कमकुवत असलेलं बोट मोडतं.

जाळीवर चढण्याचाही असाच त्रास. मागची आणि एक बाजूची भिंत आतून सनबोर्डने झाका. चढायला जागा राहत नाही, शिवाय आडोसा मिळतो. समोरची आणि उरलेली बाजू मात्र हवेसाठी उघडीच ठेवा. फांद्या पेरूच्या किंवा जास्वंदीच्या, सालासकट, अंगठ्याएवढ्या जाड. त्या आडव्याच बांधा, दोन फांद्यांमध्ये ५ ते ७ सेंटीमीटरच अंतर ठेवा, म्हणजे पाय लांबवून पुढची फांदी गाठावी लागत नाही. सगळ्यात खालची फांदी तळापासून १० सेंटीमीटरवर असू द्या. कुंड्या मनी प्लांट आणि जास्वंदीच्या चालतात. व्हेल्ड पानंही खातो, म्हणून उरुळी कांचन किंवा सोलापूर रस्त्यावरच्या नर्सरीतून आणलेलं रोप पानं धुऊन, माती बदलून तीन-चार आठवडे बाहेर ठेवा. फवारणीचं औषध उतरायला तेवढा वेळ द्यायला हवा. कण्हेर आणि डायफेनबेकिया पिंजऱ्याच्या जवळपासही नकोत.

सगळ्यात जास्त चुका दिव्यात होतात. उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण त्वचेवर पडले की व्हिटॅमिन डी३ तयार होतं आणि त्याच्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून शोषलंच जात नाही. खिडकीची काच हे किरण अडवते. म्हणजे बंद काचेआडचं कोवळं ऊन दिसायला कितीही छान असलं तरी या कामाचं नाही. पुण्यात जानेवारीपासून मेपर्यंत गॅलरीत सकाळी वीसेक मिनिटं थेट ऊन देता येतं, जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धी जागा सावलीत ठेवून आणि कावळ्या-मांजरांपासून नजर न हटवता. पण जूनमध्ये ढग आले की सप्टेंबरपर्यंत या उन्हाचा भरवसा नाही. दिवा नसलेल्या घरात वाढीच्या वयाचा प्राणी याच चार महिन्यांत खचतो आणि दिवाळीच्या सुमारास पाय वाकलेले लक्षात येतात.

यूव्हीबीचा दिवा टी५ एचओ (बारीक, जास्त प्रखर) नळीचा घ्या, ५.० किंवा ६ टक्के यूव्हीबीचा, सोबत तिचा रिफ्लेक्टर. पिळाचा छोटा सीएफएल स्वस्त असतो, पण त्याचा झोत इतका अरुंद की प्राण्याचं अर्धं अंगही त्यात येत नाही. नळी जाळीवर ठेवली तर वरची फांदी प्राण्याच्या पाठीपासून नळीपर्यंत १५ ते २० सेंटीमीटर अंतर राहील अशी बांधा. तिथे यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरणांच्या तीव्रतेचा आकडा, ३ च्या आसपास हवा. तो मोजायचा मीटर महाग असतो, चार पाळणाऱ्यांनी मिळून एक घ्यावा. नळी प्रकाश देत राहते, पण यूव्हीबी आधी संपतं. म्हणून बसवल्याची तारीख मार्करने नळीच्या टोपणावर लिहा आणि वर्षाच्या आत बदला. बुटक्या पिंजऱ्यात प्राणी दिवसभर दिव्याच्या जवळ राहतो हे विसरू नका. निम्म्या भागावर दाट पानांची सावली हवीच.

उबेसाठी पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणारा ४० वॉटचा साधा, तारेचा पिवळा बल्ब पुरतो. तो जाळीच्या बाहेर, वरून लावायचा. प्रोबचा थर्मामीटर फांदीवर, तुरा जिथे येतो त्या उंचीला बांधा आणि तिथलं तापमान २८ ते २९ अंश ठेवा. निरोगी प्राणी तापला की सरकतो. दुखऱ्या पायांचा प्राणी तिथेच बसून राहतो आणि तुरा भाजतो. खोलीचंच तापमान ३० च्या पुढे गेलं, जे एप्रिलमध्ये दुपारी रोज होतं, तर बल्ब बंदच. तेव्हा खिडकीला वाळ्याचा पडदा किंवा ओलं गोणपाट लावा. कूलरचा झोत थेट अंगावर नको.

कॅल्शियमकडे या. क्रिकेट, डुबिया झुरळं, सुपरवर्म या सगळ्यांत फॉस्फरस कॅल्शियमपेक्षा बराच जास्त असतो. म्हणून किडे देण्याआधी २४ तास त्यांना शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा खाऊ घाला. पालक नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडकवून ठेवतं. मग किडे डब्यात घेऊन डी३ नसलेली कॅल्शियम कार्बोनेट पूड चिमूटभर टाका आणि डबा हलवा. किड्यावर पिठीसाखर भुरभुरल्यासारखा पातळ थर बसला पाहिजे. पांढराफटक किडा प्राणी तोंडात धरून टाकून देतो. डी३ आणि व्हिटॅमिन ए असलेली मल्टिव्हिटॅमिन पूड पंधरा दिवसांतून एकदा. जीभ चालत नसेल तर उथळ वाटीत किंवा बोथट चिमट्याने, तोंडाजवळ भरवा. मऊ जबडा उघडून कोंबायचा नाही, तो मोडतो.

इथे एक कळकळीची विनंती. घरात आईबाबांसाठी आणलेली ६०,००० युनिटची व्हिटॅमिन डीची पुडी असते. तिच्यातला कणही या प्राण्याला देऊ नका. मोठ्या नराचं वजन शंभर ते दोनशे ग्रॅम असतं. जास्तीचं डी३ मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत कॅल्शियमचे थर बसवतं, आणि ते परत काढता येत नाहीत. पानाचा चुना तर तोंड भाजतो. तोंडाने द्यायचं पातळ कॅल्शियम किती आणि किती दिवस, हे वजन बघून डॉक्टरांनीच ठरवायचं. मे-जूनमध्ये राजमाची, भंडारदऱ्याहून काजवे आणून देणाऱ्यांनाही हेच सांगणं. काजव्यातलं विष सरड्यांच्या जिवावर उठतं, एकसुद्धा देऊ नका.

पाण्यासाठी मेडिकलमधून सलाइनचा आयव्ही सेट आणा. सुई काढून नळी पाण्याच्या बाटलीला जोडा आणि चाक फिरवून सेकंदाला एक थेंब पानावर पडेल असं लावा. शॅमेलिऑन वाटीतलं पाणी बहुधा ओळखत नाही, हलणारा थेंब ओळखतो. टँकरचं किंवा बोअरचं पाणी जड असतं, त्याने फवारणीची तोटी तुंबते. फवारणी पहाटे दिवे लागण्याआधी आणि रात्री दिवे गेल्यावर दोन-दोन मिनिटं. दिवसा पानं कोरडी व्हायला हवीत. पावसाळ्यात फवारणी निम्म्यावर आणा, पिंजऱ्याबाहेर छोटा पंखा भिंतीकडे तोंड करून ठेवा. तुंबलेल्या दमट हवेत, त्यातही गारठा असेल तर, छाती भरते. मान वर करून तोंड उघडं ठेवणं, श्वासाला टकटक आवाज, ओठाशी बुडबुडे, ही त्याची खूण. याला घरगुती इलाज नाही. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री निरोगी प्राणी १६-१७ अंश सहज सोसतो, आजाऱ्याला मात्र २० च्या खाली जाऊ देऊ नका. थर्मोस्टॅटवरचा सिरॅमिक हीटर जाळीबाहेर लावा.

रोज विष्ठेकडे बघा. पांढरा भाग पांढराच हवा, नारिंगी झाला तर पाणी कमी पडतंय. दिवसा डोळे मिटून बसणं कधीच झोप समजू नका. मादी असेल तर नराशिवायही अंडी होतात. तिला ३० सेंटीमीटर खोल ओलसर वाळूची बादली लागते, आणि हाडं मऊ असताना अंडी अडकण्याचा धोका मोठा.

दवाखान्यात नेताना छोट्या खोक्यात आडवी काठी घट्ट बसवा आणि वरून सुती कापड टाका. रिक्षाने सकाळीच निघा. प्राण्याला फांदीवरून ओढून काढू नका, छातीखाली बोट सरकवा आणि त्याला स्वतः चढू द्या. बरोबर ताजी विष्ठा, पुड्यांची नावं, पिंजऱ्याचे दिव्यांसकट फोटो आणि आठवड्याच्या वजनांची नोंद घ्या. ग्रॅम दाखवणारा किचन काटा पुरतो. एक्स-रे मागून घ्या.

वाकलेलं हाड सरळ होत नाही, ते त्याच आकारात टणक होतं. त्याला महिने लागतात. दुसऱ्या एक्स-रेमध्ये हाडाची कड स्पष्ट पांढरी दिसली, जीभ लांबच्या किड्यापर्यंत पोचायला लागली आणि बोटावरची पकड सोडवताना जोर लावावा लागला, की सनबोर्डचा तळ १५ सेंटीमीटर खाली घ्या. पुढचे १५ आणखी महिन्याभराने.