आंबोलीत सीतेची वेणी शोधताना

पहिला दिवस फुकट गेला. हिरण्यकेशीच्या वाटेवर सकाळभर मान वर करून फिरलो. दुर्बिणीच्या काचा धुक्याने आंधळ्या झाल्या, पायाला तीन जळवा चिकटल्या, पण सीतेची वेणी, म्हणजे झाडांच्या फांद्यांवर वाढणारं ते ऑर्किड, एकही दिसलं नाही. संध्याकाळी उतरलो होतो त्या घरच्या आजी हसल्या. ''तुम्ही रानात कशाक फिरतास? वेणी हय दारातच आसा.'' अंगणातल्या जुन्या फणसाच्या फांदीवरून गुलाबी-पांढरे चार घोस लोंबत होते. त्याच फांदीखालून मी सकाळी छत्री उघडत बाहेर पडलो होतो.

रिन्कोस्टायलिस रेटुसा हे तिचं शास्त्रीय नाव. आसाममध्ये बिहूला मुली केसांत माळतात ते कोपौ फूल हेच. घोस चांगला वीतभर, कधी हातभर लांब. त्यावर शंभराच्या आसपास फुलं इतकी दाट की दांडा दिसत नाही. पाकळ्या पांढऱ्या, त्यांवर जांभळट ठिपके, आणि ओठासारखी पाकळी गडद गुलाबी. फुलं नसतील तर पान बघा: जाड, पन्हळीसारखं दुमडलेलं, आणि टोक जणू कुणी वेडंवाकडं कुरतडलेलं. रेटुसा हे नाव त्या खाचेवरूनच पडलं. याच दिवसांत फुलणाऱ्या एरिडिस मॅक्युलोसा या दुसऱ्या ऑर्किडशी गल्लत होते. तिचा घोस विरळ असतो आणि फुलं अधिक गुलाबी.

गावात बरेच जण हिला सरसकट बांडगूळ म्हणतात. ते चूक. बांडगूळ झाडाच्या आत शिरून रस ओढतं. ही फक्त सालीला धरून बसते. जाड मुळं हवेत लोंबतात, पाऊस आणि दव पितात. कोरडी असली की चंदेरी दिसतात, भिजली की हिरवी. आधार मात्र जुना, खरबरीत सालीचा लागतो आणि उजेडही हवा. म्हणून दाट रानाच्या पोटात शोधत बसू नका. रस्त्याकडेचे जुने आंबे-जांभूळ, देवळाभोवतीची झाडं, घराची परसं आधी पाहा.

मेचा शेवटचा आठवडा ते जूनची सुरुवात ही वेळ धरा. घोस दोन-तीन आठवडे टिकतो, पण एकदा पाऊस लागला की धुक्यात दहा फुटांवरचं दिसत नाही. सावंतवाडीहून घाटाने तीसेक किलोमीटर, कोल्हापूरकडे जाणारी एसटी आंबोलीत थांबते. शनिवार-रविवार टाळाच, धबधब्यावरच्या गर्दीत गाडी अडकते. जळवांसाठी मीठ किंवा तंबाखूची पुडी खिशात ठेवा. फोटोला आभाळ मागे आलं की फूल काळं पडतं, म्हणून एक्सपोजर थोडं वाढवा, नाहीतर सरळ झाडाच्या खोडाची पार्श्वभूमी घ्या.

परतताना रस्त्यावर एक जण फांदीसकट उपटलेल्या वेण्या विकत होता. मुळं तुटलेली. असं रोप घेऊ नका. बहुतेक ते वर्षभरही काढत नाही. रानातून काढणं तर बेकायदाच. हिचं बी धुळीसारखं असतं, त्यात साठवलेलं अन्न नसतं, विशिष्ट बुरशी भेटली तरच रुजतं. एक झाड गेलं की तिथे दुसरं सहज येत नाही.

लावायचीच असेल तर रोपवाटिकेतलं, ऊतिसंवर्धनाने (टिश्यू कल्चरने) केलेलं रोप घ्या. माती अजिबात नको. सागवानी टोपलीत कोळसा आणि विटांचे तुकडे, किंवा सरळ खरबरीत ओंडक्यावर काथ्याने बांधा. सकाळचं ऊन, दुपारची सावली. उन्हाळ्यात रोज फवारा, थंडीत कमी. पण पानांच्या बेचक्यात पाणी साचू देऊ नका, शेंडा कुजतो. खत पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव भागाने, पंधरवड्यातून एकदा. आणि एकदा मुळांनी पकड घेतली की जागा बदलायचा मोह आवरा.

माझं पुण्यातलं रोप दोन वर्षं नुसती पानं काढत होतं. उत्तरेच्या गॅलरीत होतं, चूक माझीच. पूर्वेला हलवलं. आता पानांच्या बगलेत हिरवा कोंब आलाय. तो मुळाचा की घोसाचा, यावर घरात पैज लागली आहे.