बीएसटीमधून एकेक आकडा चढत्या क्रमाने मागायचा असेल तर

बीएसटी म्हणजे बायनरी सर्च ट्री, असं झाड ज्यात प्रत्येक नोडच्या (आकडा ठेवलेल्या जागेच्या) डावीकडे त्याहून लहान आणि उजवीकडे मोठे आकडे असतात. परवा टीममधल्या एका ज्युनिअरने विचारलं, दादा, इनऑर्डर मला येतं, आधी डावं मग स्वतः मग उजवं, पण सगळे आकडे एकदम नकोत, एक दे, थांब, मी मागितला की पुढचा दे, हे कसं करायचं? मला प्रश्न फार आवडला, कारण ट्रॅव्हर्सल, म्हणजे झाडातून फिरायचा क्रम, पाठ असणं वेगळं आणि मधेच थांबून परत तिथूनच पुढे जाता येणं वेगळं.

सगळं आधी लिस्टमध्ये भरून ठेवायचं हा एक मार्ग, पण 10 लाख नोड आहेत आणि पहिले पाचच हवेत तर कशाला ती मेहनत.

त्याऐवजी आपला स्वतःचा स्टॅक ठेवायचा, म्हणजे शेवटी टाकलेलं आधी बाहेर येतं अशी चळत. डावीकडे उतरताना वाटेतला प्रत्येक नोड त्यात टाकत जायचा, म्हणजे 'तुझ्याकडे परत यायचंय' अशी नोंद. समजा 50, 30, 70, 20, 40, 60, 80 याच क्रमाने घातलेत. सुरुवातीला स्टॅकमध्ये 50, 30, 20. नेक्स्ट म्हटलं की 20 निघाला, त्याला उजवं काही नाही. मग 30 निघाला, त्याच्या उजवीकडे 40 आहे तर तिथे जाऊन परत पार डावीकडे, म्हणजे इथे नुसता 40 आत गेला. मग 40, मग 50, मग 70 आणि 60 आत, असं चालत राहतं. एखाद्या नेक्स्टला बरंच खाली उतरावं लागतं, पण प्रत्येक नोड एकदाच आत जातो आणि एकदाच बाहेर येतो, त्यामुळे दर नेक्स्टचा सरासरी खर्च ओ ऑफ वन, म्हणजे झाड कितीही मोठं असलं तरी ठरावीकच. मेमरी झाडाच्या उंचीइतकी, नीट बॅलन्स्ड (दोन्ही बाजूंना सारखं पसरलेलं) असेल तर 10 लाख नोडनाही साधारण 20.

बॅलन्स्ड नसेल तर मात्र बघा. मी एकदा पायथनमध्ये आधीच सॉर्ट केलेले आयडी साध्या बीएसटीत घातले, सगळं झाड उजवीकडे एका साखळीत गेलं आणि रिकर्शनवालं, म्हणजे स्वतःलाच परत परत बोलावणारं, इनऑर्डर पायथनच्या 1000 च्या लिमिटला आपटलं. हाच वरचा स्टॅकवाला इटरेटर (मागितला की पुढचा देणारा कोड) त्या झाडावर आरामात चालतो, कारण उजव्या साखळीत एका वेळी स्टॅकमध्ये एकच नोड असतो! उलट्या क्रमाने घातले असते तर सगळेच्या सगळे पहिल्याच फेरीत स्टॅकमध्ये गेले असते.

मॉरिसची 1979 ची पद्धत स्टॅकशिवाय चालते, नोडचे रिकामे उजवे पॉइंटर (पुढच्या नोडकडे नेणारे दुवे) तात्पुरते वापरून. मला ती सुंदर वाटते, पण इथे नको, कारण मधेच थांबलो तर झाड अर्धवट बदललेलं राहतं आणि आपल्याला तर थांबायचंच आहे.

मग त्या ज्युनिअरने विचारलं, आणि थांबलेलो असताना कुणी नवीन आकडा घातला तर? वरच्याच झाडात 30 देऊन थांबलोय, स्टॅकमध्ये 50 आणि 40. आता 45 घातला तर तो 40 च्या उजवीकडे बसतो, आपण तिकडे अजून बघितलेलं नाही, म्हणून तो बरोबर मिळेल. पण 35 घातला तर तो 40 च्या डावीकडे जातो आणि तिथून आपण कधीच पुढे आलोय, म्हणजे 35 गपचूप राहून जातो आणि आपल्याला कळतही नाही. जावा भाषेतला तयार ट्रीमॅप (तोही आतून असंच झाड) आतून बदलांची मोजणी ठेवतो आणि असं झालं की पुढच्या नेक्स्टला कॉन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन नावाची एरर टाकतो. त्याला म्हटलं, तूही तसा एक काउंटर ठेव, दोन ओळींचं काम आहे.