पात्यावरचा हात

नागपुरात मी बारा वर्षांपासून वाचा-उपचारतज्ज्ञ म्हणून काम करते. मुलाच्या निदानाचा कागद हाती आल्यावर आईवडिलांचे काय होते हे आपल्याला कळते, असे मी गेल्या मे महिन्यातल्या एका शनिवारपर्यंत समजत होते.

चार वर्षांच्या एका मुलाला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचे निदान फेब्रुवारीत झाले होते. स्वमग्नता मोजण्याच्या आयसा या भारतीय मापनश्रेणीत ४० मुद्द्यांवर गुण देतात आणि १०७ ते १५३ गुण म्हणजे मध्यम स्वमग्नता. त्याचे गुण ११८ होते. आईने विचारले, "मध्यम म्हणजे अर्धा बरा होईल का?" वडील कॅलेंडरकडे पाहत राहिले आणि पुढे तीन महिने फिरकले नाहीत. आई मात्र मानेवाड्याहून आठवड्यातून दोनदा येई. पोराच्या हाती मोबाईल दिला म्हणून असे झाले, हे सासूचे बोलणे तिला रोज ऐकावे लागे. स्वमग्नता संगोपनातल्या चुकीने होत नाही, मेंदूची जडणघडण जन्माआधीपासूनच वेगळी होत असते, हे मी तिला अनेकदा समजावले होते. पण घरी जाऊन ते सांगणार कोण? वडिलांविषयी मी फाइलमध्ये 'स्वीकार नाही' असे लिहून मोकळी झाले होते.

त्या शनिवारी आईला ताप होता, म्हणून वडील मुलाला घेऊन आले. पारा ४५ अंशांवर होता आणि आमच्या कूलरच्या ताट्या कोरड्या पडल्या होत्या. त्यांनी न विचारता प्लग काढला, ताटी उतरवली आणि पंपात अडकलेला गाळ काढू लागले. कूलर बसवणे आणि दुरुस्त करणे हाच त्यांचा व्यवसाय, आणि मार्च ते जून हेच त्यांचे कमाईचे दिवस. हे मी तीन महिन्यांत एकदाही विचारले नव्हते.

एरवी दोन मिनिटे न टिकणारा मुलगा त्यांच्याशेजारी उकिडवा बसला. वडिलांनी बोटाने पाते फिरवले आणि मध्येच त्यावर तळहात ठेवून ते थांबले. मुलाने पात्याकडे पाहिले, हाताकडे पाहिले आणि मग मान वर करून थेट वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिले. "फिरवू?" मुलाने त्यांचे मनगट दाबले. पाते फिरले. सहाव्या की सातव्या वेळी त्याच्या तोंडून "फि" असा आवाज आला.

आवडती गोष्ट मध्येच थांबवायची आणि मूल आपल्याकडे वळेपर्यंत घाई न करता वाट पाहायची, हे पालकांच्या अंगवळणी पडायला आठवडेच्या आठवडे लागतात. कोणी शिकवले, असे मी विचारले.

"कोणी नाही जी. रात्री घरी आलो की हेच करतो आम्ही दोघं. त्याच्याशी काय बोलावं ते समजत नव्हतं, पंख्याचं समजते."

ताटी परत बसवताना, माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारले, "आमच्यामागं याचं कसं होईन?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ अपंगत्वांमध्ये स्वमग्नता आहे, दिव्यांग प्रमाणपत्र कसे काढायचे, 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, एवढे मी कागदावर लिहून दिले. त्यांनी तो नीट घडी करून खिशात ठेवला.

"आईले तुम्हीच सांगा मॅडम, सुनेचा यात दोष नाही म्हणून. माझं ऐकत नाही ती. मंगळवारी सकाळी साडेसहाला आणलं तर चालन का? सातला माझी कामं सुरू होतात."

आमचे केंद्र दहाला उघडते. मंगळवारी मी सव्वासहाला कुलूप काढले, तेव्हा तिघेही पायरीवर बसलेले होते.