तुम्ही विचारलेत म्हणून : मेनूतल्या एका ओळीला इतके दिवस का लागतात?

‘मेनूतली एकच ओळ बिघडली आहे, ती दुरुस्त करायला एवढे दिवस कशाला?’ हा प्रश्न मला सांगलीच्या मार्केट यार्डात हटकून विचारला जातो, कारण तेथील हळदीच्या काही अडत दुकानांत चालणाऱ्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची देखभाल माझ्याकडे आहे. ओळ एकच असली तरी पडद्यावर उघडलेल्या खिडक्या (विंडो) अनेक असतात, आणि हुकूम कोणत्या खिडकीसाठी आहे हे मेनूला आपोआप कळत नाही.

एका दुकानात दिवाणजींनी दोन शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या दोन खिडक्यांत उघडल्या होत्या. दुसरी समोर असताना त्यांनी ‘छापा’ निवडले आणि प्रिंटरमधून पहिल्याच शेतकऱ्याची पट्टी बाहेर आली. हे घडे ते फक्त धाकट्या मालकांच्या मॅकवर. हे सॉफ्टवेअर इलेक्ट्रॉनवर, म्हणजे एकच प्रोग्रॅम विंडोज व मॅक दोन्हींवर चालवता येईल अशा तयार सांगाड्यावर, बेतलेले आहे. विंडोजवर त्यात प्रत्येक खिडकीला स्वतंत्र मेनू जोडता येतो. मॅकवर मात्र पडद्याच्या माथ्यावर सगळ्या खिडक्यांचा मिळून एकच मेनू असतो, आणि येथे तो सुरुवातीलाच रचला जाऊन पहिल्या खिडकीशी जखडला गेला होता.

वरवर पाहता उपाय सोपा आहे. ओळ निवडली जाते त्या क्षणी इलेक्ट्रॉन समोरची खिडकी हाती देतो, तीच वापरायची. परंतु मॅकवर सर्व खिडक्या मिटल्या तरी सॉफ्टवेअर चालू राहू शकते आणि मेनू वर तसाच दिसतो. त्या वेळी हाती काहीच येत नाही, म्हणून ‘छापा’ ही ओळ निष्क्रिय करून ठेवावी लागते. ‘हमाली-तोलाई दाखवा’ या ओळीपुढची बरोबरची खूण तर खिडकीगणिक वेगळी असल्यामुळे, खिडकी बदलली की तीही बदलावी लागते.

त्यातून दोष शोधण्यासाठी डेव्हलपर टूल्स, म्हणजे प्रोग्रॅमच्या आत काय चालले आहे ते दाखवणारी साधने, वेगळ्या खिडकीत उघडली, की फोकस (संगणकाच्या लेखी ‘समोर’ असण्याचा मान) तिकडे जातो आणि ‘समोर कोणती खिडकी आहे?’ याचे उत्तर ‘कोणतीच नाही’ असे मिळते. म्हणजे पाहायला जावे तर दोषच रूप पालटतो. म्हणून मी ती बंद ठेवतो आणि घडामोडींची नोंद फाइलमध्ये करून घेतो.

दुरुस्तीनंतर एकही खिडकी नसताना, एक असताना, दोन असताना आणि त्यांतली एक खाली दडवलेली असताना, अशी सारी तपासणी मॅक व विंडोज या दोन्हींवर करावी लागते. पट्टीवरच्या आकड्यानुसार शेतकऱ्याच्या हाती पैसे पडतात, त्यामुळे घाई कितीही असली तरी यातली एकही पायरी मी गाळत नाही.