कुरसुराची फ्रेम: 1971 चं पान लागलं एकदाचं

मंडळी, 'आयएनएस कुरसुरा' या पाणबुडीवरच्या वन-फ्रेमचं (तिकिटं-पाकिटं लावलेल्या सोळा पानांच्या प्रदर्शनाचं) काम बऱ्यापैकी पुढं सरकलंय. सोळापैकी अकरा पानं माउंट झाली, राइट-अपही टाइप केलं. आणि जे पान शेवटपर्यंत कोरंच राहणार असं धरून चाललो होतो, ते 1971 चं पान भरलं. आधी त्याचंच सांगतो.

शिरोळ तालुक्यातलं सैनिक टाकळी आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे, घरटी फौजी असलेलं गाव. तिथल्या एका निवृत्त नौसैनिक काकांकडं पत्र्याच्या ट्रंकेत घरची जुनी पत्रं आहेत असं कळलं होतं. गेलो. चहा झाला, उसाच्या बिलावर बोलणं झालं, मग ट्रंक उघडली. काकांनी एका पाकिटातून पत्र काढून खिशात घातलं आणि रिकामं पाकीट माझ्यापुढं सरकवलं. "पत्र माझं, पाकीट तुमचं. न्या की!" आपल्याला तरी दुसरं काय हवं असतं?

पाकीट साधंच आहे, कडा थोड्या कुरतडलेल्या. पत्ता गावच्या मास्तरांच्या वळणदार इंग्रजीत: हुद्दा, नंबर, नाव, आयएनएस कुरसुरा, केअर ऑफ फ्लीट मेल ऑफिस (नौदलाचं टपाल हाताळणारं कार्यालय), बॉम्बे-1. पिनकोड नाही, कारण तो आला 15 ऑगस्ट 1972 ला. नेहमीच्या तिकिटाशेजारी 5 पैशांचं 'शरणार्थी सहायता'. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांसाठी 15 नोव्हेंबर 1971 पासून टपालावर हा जादा आकार बसला. सुरुवातीला कुटुंब नियोजनाच्या तिकिटावर ओव्हरप्रिंट मारून, म्हणजे वरून अक्षरं छापून भागवलं, डिसेंबरपासून स्वतंत्र तिकीट आलं. माझ्या पाकिटावर हे दुसरं आहे. शिक्का दोन्ही तिकिटांवरून पाकिटावर उतरलाय, म्हणजे तिकिटं मूळचीच, मागाहून डकवलेली नाहीत. दिवस शाईत बुडालाय, महिना डिसेंबर आणि साल '71 मात्र भिंगाखाली नीट लागतं.

नव्याने आलेल्यांसाठी थोडं पाणबुडीविषयी. कुरसुरा म्हणजे सोव्हिएत बनावटीची फॉक्सट्रॉट वर्गातली डिझेल-इलेक्ट्रिक बोट, लांबी 91.3 मीटर, पुढं सहा आणि मागं चार टॉर्पेडो ट्यूब. 18 डिसेंबर 1969 ला रिगा इथं कमांडर अरुण ऑडिट्टो यांच्या हाताखाली ती नौदलात दाखल झाली. सुएझ कालवा जून 1967 पासून बंद, त्यामुळं 1970 मध्ये घरी यायला तिला अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालावा लागला. वाटेत गोथेनबर्ग, ला कोरुन्या, ताकोराडी, मॉरिशस. 1971 ला ती अरबी समुद्रात गस्तीवर होती. शत्रूचं जहाज म्हणून पक्की ओळख पटल्याशिवाय हल्ला करायचा नाही, अशी बंधनं होती. तिनं कुठलं जहाज बुडवल्याची नोंद नाही.

आता अशी गस्त टपालात दाखवायची कशी? पाण्याखालून कुणी पत्र टाकत नाही. बोट धक्क्याला असो की भर समुद्रात, पत्ता तोच: फ्लीट मेल ऑफिस. ठिकाण कळू नये म्हणूनच तर ही सोय. म्हणून माझ्या मते युद्धाच्या पानावर बोटीवरून आलेल्या पत्रापेक्षा बोटीकडं गेलेलं पत्र जास्त बोलतं. आमच्या शाहूपुरीतल्या मित्राला हे पटत नाही. त्याला चकचकीत, कॅशे (म्हणजे प्रसंगाचं चित्र) छापलेली कव्हरं लागतात. ती माझ्याकडंही आहेत, पण तसली कव्हरं मुळात संग्राहकांसाठीच निघतात. त्यांनी सगळी फ्रेम भरली तर ते लग्नाच्या अल्बमसारखं दिसतं.

तरी 12 फेब्रुवारी 1984 चा ब्लॉक ठेवलाय. राष्ट्रपतींच्या फ्लीट रिव्ह्यूची (नौदलाच्या ताफ्याच्या पाहणीची) एक-एक रुपयाची चार से-टेनंट, म्हणजे एकमेकांना जोडून छापलेली वेगवेगळी तिकिटं, त्यातल्या एकावर पाणबुडी. 1970 च्या सोव्हिएत युद्धनौका मालिकेतलं 20 कोपेकचं मात्र काढून टाकलं. बरेच जण ते फॉक्सट्रॉटच्या पानावर लावतात, पण त्यावर 'लेनिन्स्की कोम्सोमोल' आहे, म्हणजे अणुपाणबुडी. जाणकार परीक्षक तिथंच गुण कापणार.

8 डिसेंबरला, म्हणजे पाणबुडी दिनी (1967 मध्ये याच तारखेला पहिली 'कलवरी' नौदलात आली), रमणमळ्याच्या हेड पोस्टात काही साधी पाकिटं कॅन्सल करून घेतली. काउंटरवरच्या ताईंना म्हटलं, "शिक्का हलक्या हातानं मारा, तारीख दिसली पाहिजे." त्यांनी आधी रद्दी कागदावर दोनदा उठवून बघितला, पॅडची शाई टिपली, मग मारला. इतका स्वच्छ शिक्का मला प्रदर्शनातसुद्धा मिळाला नव्हता.

शेवटची पानं सोपी आहेत. 2001 मध्ये निवृत्ती, ऑगस्ट 2002 मध्ये विशाखापट्टणमच्या आर. के. बीचवर संग्रहालय. तिथलं कोरं पिक्चर पोस्टकार्ड लावणार नाही, टपालातून प्रवास केलेलंच लावणार.

पावसाळ्यात अल्बम उघडणं बंद ठेवतो. आपल्या कोल्हापूरच्या हवेत जुलैत कागदाला तांबेऱ्याचे ठिपके पडायला वेळ लागत नाही. ओलावा शोषायला ठेवलेलं सिलिका जेल तव्यावर परतून पुन्हा वापरा, पण डबीत टाकण्याआधी पूर्ण गार होऊ द्या.

अडलंय ते परतीच्या प्रवासाचं पान. ताकोराडी किंवा मॉरिशसहून 1970 च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बोटीवरच्या कुणी घरी धाडलेलं काही असेल, नुसतं पोस्टकार्डही चालेल, तर कळवा. अदलाबदलीला 1984 चे दोन कोरे ब्लॉक जास्तीचे आहेत, वर एक एफडीसीही (तिकीट निघालं त्या दिवशीच्या शिक्क्याचं पाकीट) देईन.