तीन प्रती लिहिल्या, उरली एक

अंतराळयानातल्या एफपीजीएसाठी, म्हणजे आतलं सर्किट नंतर लिहून ठरवता येतं अशा चिपसाठी, पहिल्यांदा सर्किट लिहिलं तेव्हा मी प्रत्येक रजिस्टर (बिट धरून ठेवणारा सर्किटचा छोटा भाग) तीनदा लिहिलं होतं. तिन्हींची उत्तरं व्होटरकडे जायची आणि तिघांपैकी दोघं जे म्हणतील ते खरं धरायचं. सिम्युलेशन स्वच्छ गेलं. मग बोर्डावर मुद्दाम एकेक बिट उलटवून बघायला लागले, तर थोड्याच वेळात आउटपुट बिघडलं. एकच बिट उलटवला होता, म्हणजे तसं व्हायलाच नको होतं. दोन दिवस मी व्होटरवर संशय घेत बसले. शेवटी सिंथेसिसचा, म्हणजे लिहिलेल्या डिझाइनचं सर्किट बनवणाऱ्या टूलचा, लॉग पहिल्या ओळीपासून वाचला. टूलला तीन अगदी सारखी रजिस्टरं दिसली होती आणि त्याने दोन अनावश्यक समजून काढून टाकली होती. जमिनीवरच्या डिझाइनसाठी ते बरोबरच आहे, इथे मात्र त्या दोन प्रतींवरच सगळी भिस्त होती.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर प्रोसेसरच्या मेमरीत अंतराळातल्या किरणोत्सर्गाच्या एखाद्या कणाने बिट उलटवला की बहुतेक वेळा एखादा आकडा चुकतो. पण एसरॅमवर (पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या मेमरीवर) चालणाऱ्या एफपीजीएमध्ये कोणती तार कुठे जोडायची, कोणत्या गेटने काय करायचं, हेच मेमरीत लिहिलेलं असतं. तिथला बिट उलटला की सर्किटच वेगळं होतं आणि कोणी पुन्हा लिहीपर्यंत तसंच राहतं. म्हणून स्क्रबिंग करतात, म्हणजे मूळ कॉन्फिगरेशन (सर्किट ठरवणारे हे बिट) सतत पुन्हा लिहीत राहायचं. पण चूक झाल्यापासून स्क्रबर तिथे पोहोचेपर्यंत बरोबर उत्तर कोण देणार? त्यासाठी तीन प्रती.

अँटिफ्यूज चिपमध्ये जोडण्या कायमच्या पक्क्या होतात, म्हणून तिला हा त्रास नाही, पण ती एकदाच लिहिता येते. मला ते पुरत नाही.

का पुरत नाही, याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे मंगळावरची गाडी (रोव्हर) पर्सिव्हिअरन्स. तिचा मुख्य संगणक आरएडी७५०, वेग जेमतेम २०० मेगाहर्ट्झपर्यंत. १८ फेब्रुवारी २०२१ ला जेझेरो विवरात उतरताना तिला पॅराशूटवर असतानाच खालच्या जमिनीचे फोटो काढून सोबतच्या नकाशाशी जुळवायचे होते आणि साधारण १० सेकंदांत आपली जागा सुमारे ४० मीटरच्या आत ओळखायची होती. प्रतिमांचं हे जड काम व्हर्टेक्स-५क्यूव्ही या एफपीजीएकडे होतं. उतरल्यावर ते काम कायमचं संपलं. मग त्याच चिपवर दुसरं कॉन्फिगरेशन चढवलं आणि ती चाकांवरच्या प्रवासात स्टिरिओ चित्रं (दोन कॅमेऱ्यांची जोडचित्रं) जुळवू लागली, रोव्हर किती सरकला ते मोजू लागली. चालता चालता विचार करणारा रोव्हर त्यातून मिळाला. वेगाचं कौतुक मलाही आहे, पण यान पृथ्वी सोडून गेल्यावरही त्याचं हार्डवेअर नव्याने ठरवता येतं, याने मी या कामाला कायमची बांधली गेले.

वाट आधीच्या लोकांनी पाडली. ऑस्ट्रेलियाच्या फेडसॅटवर असा प्रयोग डिसेंबर २००२ मध्ये गेला. मार्च २००७ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या सिबोला उपग्रहाने नऊ व्हर्टेक्स एफपीजीए वर नेले, त्यांच्यावर रेडिओ सिग्नलचं काम चालवलं आणि उलटणारे बिटही मोजले. पृथ्वीजवळच्या कक्षेत असे बिट सगळ्यात जास्त उलटतात ते दक्षिण अटलांटिकवरून जाताना. तिथे किरणोत्सर्गाचा पट्टा खाली उतरलेला आहे.

माझ्या डिझाइनमध्ये आता प्रत्येक प्रतीला 'काढू नको' अशी खूण आहे आणि बिल्ड झाल्यावर स्क्रिप्ट रजिस्टरं मोजते. व्होटरही तीन केले. तरी एक दुखणं उरलंच आहे: राउटिंगमधला (तारांच्या जोडण्या ठरवणारा) एखादाच बिट उलटून दोन प्रतींच्या तारा एकमेकींना जोडतो आणि मग बहुमतच चुकीचं ठरतं. म्हणून तिन्ही प्रती चिपच्या वेगवेगळ्या भागांत बसवल्या आणि कॉन्फिगरेशनचा प्रत्येक बिट उलटवून बघणारी चाचणी लावून दिली आहे. आज सकाळपर्यंत तिला सापडलेले असे बिट जवळजवळ सगळे एकाच ठिकाणचे आहेत, तिन्ही प्रती व्होटरपाशी एकत्र येतात तिथले.